मराठी प्रवासवर्णन आणि गावकुसाबाहेरचा भूगोल

मराठी समीक्षेने प्रवासवर्णनाचा जो विचार केला आहे तो तीन गोष्टींवर उभा आहे: प्रवासी, प्रदेश आणि प्रवाशाचे रसिक मन. प्रवाशाला वाटेत पाणी कोण देतो, रात्री तो कुणाच्या ओसरीला टेकतो, गाडीवान त्याला गाडीत बसू देतो की नाही, हे प्रश्न या विचारात कुठेही येत नाहीत. ज्यांनी हा विचार केला त्यांना ते प्रश्न कधी पडलेच नव्हते. रस्ता सर्वांचा असतो हे त्यांचे गृहीत. या गृहीतावर प्रवासवर्णनाची सगळी इमारत बांधली गेली, आणि मग दलित साहित्यात प्रवासवर्णन नाही, आत्मकथन तेवढे आहे, असा निष्कर्षही सहज काढला गेला. हा निष्कर्ष तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

मराठीतील आद्य प्रवासवर्णनांत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे नाव मानाने घेतले जाते. कोकणातल्या वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले. मथुरेला बैजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, हा हेतू. वाटेत बंडाची धामधूम गाठ पडली. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. चिंतामणराव वैद्यांनी हे हस्तलिखित १९०७ साली प्रसिद्ध केले. पुस्तक मोलाचे आहे याबद्दल वाद नाही. लूट, उपासमार, जिवाची भीती हे सारे त्यात आहे, आणि भटजींनी ते प्रांजळपणे सांगितले आहे. पण एक भीती त्या पुस्तकात नाही. जातीमुळे आपल्याला कुणी विहिरीवरून हाकलील ही भीती भटजींना एका पानावरही शिवत नाही. उलट जात हाच त्यांचा परवाना आहे. दूरच्या मुलखातही दक्षिणी ब्राह्मणांचे घर सापडते, पंक्तीला पान मिळते. आणि एवढ्या हालअपेष्टांतून ते घरी काय घेऊन येतात? आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेच्या पाण्याची कावड. शेकडो कोस ते पाणी खांद्यावरून येते.

या कावडीशेजारी दुसरा एक प्रवास ठेवून पाहू. १९०१ सालचा उन्हाळा. साताऱ्याहून चार मुले आगगाडीने निघाली आहेत. एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर. मुले नव्या कपड्यांत, आनंदात. मसूरच्या स्टेशनवर ती उतरली. वडिलांना पत्र पोचले नव्हते, म्हणून कुणी न्यायला आले नाही. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, आणि मुले महाराची आहेत हे कळताच पाच पावले मागे सरला. गाडीवान तयार होईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला. अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून पायी चालणार. रात्र झाली. डबा भरलेला, पण पाणी नाही. आणि पाण्याशिवाय घास गिळणार कसा? जकात नाक्यावर गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे मुसलमान असल्याची बतावणी करून पाणी मागितले, तेही मिळाले नाही. मुले उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या इंग्रजी टिपणात लिहून ठेवला आहे. हे टिपण १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रथम पुस्तिकारूपाने छापले आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. आपण ते आजवर चरित्राचे साधन म्हणून वाचले. सभेत सांगण्यासाठी त्यातले प्रसंग उचलले. पण त्याचा घाट कुणी पाहिला? पहिला प्रसंग मसूर ते गोरेगावच्या गाडीवाटेवरचा. दुसरा बडोद्याचा: परदेशातून शिकून आलेला माणूस उतरायला जागा शोधतो, नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहतो आणि काठ्या घेतलेले लोक त्याला बाहेर काढतात. तिसरा १९२९ सालचा, चाळीसगावचा. टांगेवाले महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नाहीत, म्हणून महारवाड्यातला एक अननुभवी माणूस टांगा हाकतो, नाल्याच्या पुलावर टांगा उलथतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो. चौथा १९३४ सालचा, दौलताबादचा. गाडी, आगगाडी, टांगा, मोटार, उतारा, किल्ला. या प्रसंगांत लेखक वाटेवर आहे. शीर्षकातच व्हिसा आहे. जो आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहत उभा आहे त्याचे हे प्रवासवर्णन आहे, आणि ते लिहिले आहे परदेशी वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून. नेहमीचा प्रवासवर्णनकार परमुलूख पाहून येतो आणि तो घरच्या लोकांना सांगतो. इथे उलटे घडले आहे. घरचाच मुलूख परका आहे आणि तो परक्यांना समजावून द्यावा लागतो आहे. मराठी माणसाने लिहिलेल्या प्रवासपर लेखनात इतका मूलगामी उलटफेर मला दुसरा दिसत नाही.

दौलताबाद आम्हा मराठवाड्याच्या लोकांना जवळचे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोतला प्रवासी इथे येऊन गेला. अरबी भाषेत प्रवासाला आणि प्रवासवृत्तान्ताला एकच शब्द आहे, रिहला. त्या परंपरेतले त्याचे नाव सर्वांत मोठे. दौलताबादच्या किल्ल्याबद्दल लिहिताना तो तिथल्या अंधारकोठडीतल्या उंदरांची हकीकत सांगतो. मांजराहून मोठे उंदीर, मांजरेही त्यांना भितात. नंदुरबारकडच्या मराठ्यांबद्दलही तो लिहितो. त्यांच्यातले श्रेष्ठ लोक ब्राह्मण आणि क्षत्रिय, भात, भाजी आणि तिळाचे तेल खाणारे, जेवणापूर्वी स्वच्छ स्नान करणारे. वर्णन खोटे नाही. पण पाहुण्याला यजमान जेवढे दाखवतो तेवढेच पाहुणा पाहतो. जे त्या स्नानाचे पाणी बाटवू शकत होते, ते कुठे राहत होते हे या जगप्रवाशाला दिसले नाही. आणि त्याच दौलताबादच्या दरवाजाशी सहाशे वर्षांनी तीसेक सहकाऱ्यांसह बाबासाहेब पोचतात. प्रवासाची धूळ तोंडावर, दारातच भरलेले टाके. मंडळी हातपाय धुतात. रमजानचे दिवस. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा धेडांनी टाके बाटवले म्हणून ओरडत येतो, जमाव जमतो. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आम्ही मुसलमान झालो तर पाणी द्याल की नाही, असे बाबासाहेब त्यांना विचारतात. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळते, मात्र आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला जातो.

किल्ला तोच. आज शाळांच्या सहली तिथे जातात, मार्गदर्शक भुलभुलैया दाखवतात, मेंढा तोफ दाखवतात. ते टाके मात्र कुणी दाखवत नाही. भूगोल म्हणजे डोंगर, नद्या, पर्जन्यमान एवढेच नसते. कोणत्या पाण्यापर्यंत कुणाचा हात पोचतो हाही भूगोलच आहे. आमच्या भागात गोदावरीला गंगा म्हणतात. गंगेच्या काठच्या गावांत वरचा घाट कुणाचा, खालचा कुणाचा, म्हसणवटा कुठे, महारवाडा उताराच्या कोणत्या बाजूला, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशात ते नसते.

स्वातंत्र्यानंतर मराठीत प्रवासवर्णनांना बहर आला. मध्यमवर्गाच्या हाती थोडा पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, विमाने आली. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० सालची. हे पुस्तक वाचताना मलाही हसू येते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पुलंची भाषा जिवंत आहे. लेखक स्वतःच्या भाबडेपणालाही हसतो, त्यामुळे बढाईचा दोष त्याला लागत नाही. पण हा भाबडेपणा कुणाला परवडतो? ज्याचे घरी एक सुरक्षित अंगण आहे त्याला. परदेशी काटाचमच्याची फजिती विनोदी ठरते, कारण त्या फजितीने माणसाचे माणूसपण धोक्यात येत नाही. मसूरच्या स्टेशनवर चार पोरांची जी फजिती झाली तिच्यावर विनोद लिहिता येणार नाही. पुढे पुलंची उंची नसलेल्यांनी तोच सूर उचलला आणि विलायतेतली स्वच्छता, शिस्त, तिथे भेटलेले पुण्याचे कुटुंब आणि त्यांच्या हातची आमटी, एवढ्यावर दोनशे पाने भरू लागली. याला अपवाद आहेत. इरावती कर्वे 'परिपूर्ती'तल्या आपल्या लेखात पंढरीच्या वाटेवर चालतात, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंक्ती वेगळ्या पडतात हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्याचा त्यांना त्रासही होतो. अनिल अवचट १९६९ च्या 'पूर्णिया'त बिहारचे दारिद्र्य पाहायला जातात, नेत्रसुखासाठी जात नाहीत. परंतु अपवाद ते अपवाद.

आता आपल्या साहित्याकडे वळू. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ सालच्या संग्रहात आली. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण ती एका परगावी आलेल्या माणसाची कथा आहे हे कुणी फारसे बोलले नाही. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण गुजरातेत उधन्याला येतो. उत्साहाने, भविष्याच्या स्वप्नाने भरलेला. त्याला हवी आहे एक खोली. खोली मिळवण्यासाठी जात झाकावी लागते, आणि ती उघडी पडताच मार बसतो. बडोद्याचा तोच प्रसंग, वेगळ्या काळात आणि कामगारवस्तीत. आगगाडीने माणूस जातीच्या पुढे निघून जाईल ही एकोणिसाव्या शतकातली आशा होती. आगगाडी धावली खरी, पण उतरलेल्या माणसाला स्टेशनाबाहेर पहिला प्रश्न तोच विचारला गेला. ही कथा अन्यायाची आहेच, पण तिचा ताण जागेतून निर्माण होतो. दार, ओटा, खोली, कारखाना या प्रत्येक जागी नायक वेगळ्या आवाजात बोलतो. समीक्षकाने हे दाखवायला हवे होते. आपल्या समीक्षेने मात्र वेदना, विद्रोह, नकार या तीन शब्दांवर काम भागवले. हे शब्द एके काळी लढाऊ होते. आता ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एकाखाली एक लिहिले जातात.

दया पवारांच्या 'बलुतं'चा (१९७८) सारा घाट दोन जागांच्या ये-जा वर तोललेला आहे. एकीकडे अकोले तालुक्यातले धामणगाव, दुसरीकडे मुंबईचा कावाखाना. गावाकडून शहराकडे जाणारी सरळ रेघ तिथे नाही. नायक पुन्हा पुन्हा परततो आणि प्रत्येक वेळी दोन्ही जागा त्याला थोड्या अधिक परक्या होतात. माधव कोंडविलकरांनी तर आपल्या पुस्तकाला पत्ताच नाव म्हणून दिला, 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९). पत्रावर पत्ता असतो तो माणूस सापडावा म्हणून. इथे पत्त्यावर गेल्यास सापडतो तो चांभारवाडा आणि त्यात कोंडलेला एक शिक्षक. उर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायांच्या वाटेने सुरू होते. डोक्यावर मोळ्या, आंबे, आणि चालताचालता चेष्टा, शिव्या, गाणी. कोकणच्या निसर्गाची वर्णने मराठीत ढिगाने आहेत. पण त्या चढावर पायाला काय होते, कुठे ओझे टेकवता येते, कोणत्या वळणावर जीव घाबरतो, हे डोक्यावर ओझे असलेल्या माणसाकडूनच कळते.

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी तर प्रवासाच्या कल्पनेचा पायाच हलवला. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त (१९८०) घर नावाची स्थिर वस्तूच नाही. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या विणायच्या, विकायच्या, हलायचे. प्रवास हा ज्यांच्या जगण्यातला विसावा आहे ते लोक प्रवासवर्णन लिहितात. प्रवास हेच ज्यांचे जगणे त्यांना तो वर्णनाचा विषय वाटावा कसा? त्या पोराला शिकायचे आहे, आणि शाळा मात्र एका जागी उभी असते. मुक्काम हलला की अंतर बदलते. 'उपरा'तला खरा संघर्ष मला इथे दिसतो, स्थिर शाळा आणि फिरते घर यांच्यातला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) आमच्या मराठवाड्यातले, लातूरकडच्या धनेगावचे. त्यात नेमकी उलटी कोंडी आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि तो १९५२ सालापर्यंत देशात टिकला. या कायद्याच्या छायेतल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. म्हणजे वाटेवर दिसणे हाच गुन्हा. एकाला थांबायची बंदी, दुसऱ्याला हलायची. आणि आपली पाठ्यपुस्तके सांगतात की प्रवासाने मनुष्य चतुर होतो.

अण्णा भाऊ साठ्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेला हा माणूस. रशिया पाहण्याच्या कितीतरी आधी त्याने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. १९६१ साली तो रशियाला गेला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. पुस्तक लहान आहे आणि सर्वत्र सारखे उतरलेले नाही. यजमान देशाकडे लेखक भक्तीने पाहतो, आणि त्या भक्तीत काही गोष्टी त्याने पाहिल्या नाहीत हे आज सांगायला हरकत नसावी. परंतु घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीतून मॉस्कोला गेलेला हा मराठी लेखक विलायत पाहायला गेला नव्हता. कष्टकऱ्याचे राज्य कसे दिसते हे त्याला पाहायचे होते. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात या हेतूची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

इथे आपल्याच लोकांबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपले प्राध्यापक, अधिकारी, लेखक थायलंडला, श्रीलंकेला, जपानला जाऊ लागले. बौद्ध देश पाहावेत ही ओढ स्वाभाविक आहे आणि ती मलाही आहे. पण त्यांतून आलेली बरीच प्रवासवर्णने वाचून मन खट्टू होते. विमानतळाचा झगमगाट, हॉटेलचा नाश्ता, स्वच्छ रस्ते, मग विहार, मग फोटो. ज्या समाजाने रस्त्यावर चालण्याचा हक्क लढून मिळवला, त्याच्या लेखकाला परदेशातला रस्ता झाडणारा दिसू नये? तिथल्या विहारात कोण आत बसते आणि कोण दाराशी, हे पाहण्याची नजर आपल्यापाशी उपजत असायला हवी. तीच नजर घरी ठेवून गेल्यास आपण 'अपूर्वाई'ची तिसऱ्या दर्जाची नक्कल तेवढी करतो.

आधुनिक अरबी कादंबरी या संदर्भात मला फार उपयोगी वाटली. इंग्रजी भाषांतरांतून जेवढी वाचता आली तेवढ्याच आधारे बोलतो. अरबांकडे रिहलाची जुनी परंपरा होतीच. १८२६ साली इजिप्तचा तहतावी विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर पॅरिसला गेला, परत येऊन त्याने तिथल्या जीवनावर ग्रंथ लिहिला. उत्तरेकडे जायचे, ज्ञान आणायचे, हा नमुना तिथून रुळला. सुदानचे तय्यब सालेह यांनी १९६६ च्या आपल्या कादंबरीत तो नमुना उलटा केला. शीर्षकाचा अर्थ उत्तरेकडील स्थलांतराचा हंगाम. निवेदक सात वर्षे युरोपात शिकून नाईलच्या वळणावरच्या आपल्या गावी येतो. आजोबांचे घर, खजुरीचे झाड, ओळखीचा वारा. आणि तिथे मुस्तफा सईद नावाचा एक उपरा भेटतो, जो लंडनची आपली कहाणी घेऊन त्या गावात लपलेला असतो. शेवटी निवेदक नदीच्या मधोमध, दोन्ही काठ सारखेच दूर, मदतीसाठी ओरडतो. आपला पहिल्या पिढीचा पदवीधर हे वाचून स्वतःला तिथे पाहतो. मात्र एक फरक आहे आणि तो दडवू नये. सालेहच्या निवेदकाला परतायला गाव आहे. सारे गाव त्याला आपला म्हणून मिठी मारते. आपला पदवीधर एसटीतून उतरतो तेव्हा मिठी मारायला येतात ते महारवाड्यातले लोक. वेशीच्या आतले त्याच्या बुटाकडे पाहतात. त्याच्यासाठी नदीला तिसरा काठही असतो.

दुसरे पुस्तक घस्सान कनफानी या पॅलेस्टिनी लेखकाचे, १९६३ सालचे, 'उन्हातली माणसे' अशा अर्थाच्या नावाचे. घरदार गमावलेली तीन माणसे बसऱ्याहून कुवेतला चोरून निघतात. पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये त्यांना बसवले जाते. नाक्यावर कारकुनांच्या चावट गप्पांत ड्रायव्हरचा वेळ जातो, आणि आत वाळवंटाच्या उन्हाने तापलेल्या पत्र्यात तिघेही मरतात. त्यांनी टाकीला आतून ठोकले का नाही, असा प्रश्न ड्रायव्हर शेवटी करतो. या छोट्या कादंबरीत वाळवंट कुठेही सुंदर नाही. ते मैलांत आणि मिनिटांत मोजले आहे. इतके मिनिटे आत, इतके बाहेर. भूगोल असा मोजून लिहिला की त्यातून राजकारण आपोआप दिसते. निराळे भाषण करावे लागत नाही. आपल्या कथाकारांनी हे शिकण्यासारखे आहे.

आणि हे आपल्यापासून फार दूरचेही नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद यांच्या दरम्यान करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. टाळेबंदीत जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले हे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे पायी निघाले होते, तिथून गाडी मिळेल या आशेने. परभणीहून नागसेनवनात शिकायला जाणारी आपली कित्येक पोरे याच लोहमार्गाने गेली. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र देशभर छापले गेले. पण त्या पायवाटेचे, त्यांनी कुठे रस्ता सोडला आणि रूळ का धरला याचे वर्णन मराठी साहित्यात कुणी केलेले माझ्या वाचनात आले नाही.

हा प्रश्न माझ्यापुरता वर्गात उभा राहतो. आमच्याकडे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, जिंतूर या बाजूची मुले येतात. दिवाळी झाली की बाके रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीला जातात आणि काही मुलेही त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवून झाल्यावर एका वर्षी मी मुलांना स्वतःचा प्रवास लिहायला सांगितला. निम्म्यांनी महाबळेश्वर लिहिले. सूर्योदय, धुके, हिरवा शालू. त्यांतल्या कुणीही महाबळेश्वर पाहिले नव्हते. गाईडातून उतरवले होते. म्हणजे प्रवासवर्णन न पाहिलेल्या गावाचेच लिहायचे असते, अशी त्यांची समजूत आपल्या अभ्यासक्रमाने करून दिली होती. मग मी सांगितले की कारखान्याची वाट लिहा. त्यावर एका मुलीने सहा पाने लिहिली. मुकादमाची उचल कधी घेतली, ट्रकमध्ये सामानावर कोण बसते आणि सामानाखाली काय जाते, शेळी कुठे बांधतात, रात्री ट्रक थांबला की बायका अंधारात किती लांब जातात, पहिल्या दिवशी कोपी कशी उभी करतात, आणि तळावरच्या हापशावर पहिला हंडा कुणाचा लागतो. शेवटच्या मुद्द्यावर तिने दीड पान खर्ची घातले होते. एकाच टोळीत, एकाच उसाच्या फडात, सारखेच कोयते चालवणाऱ्या माणसांचा हापशावरचा क्रम जातीचा होता.

तिच्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या. 'वाढे', 'मोळी', 'कोपी' हे शब्द मात्र तसेच ठेवले. त्यांना प्रमाण भाषेत दुसरे शब्द नाहीत, आणि असते तरी ते तिच्या वाटेवरचे नसते. एका सहकाऱ्याने ती पाने पाहून सांगितले की हा समाजशास्त्राचा मजकूर आहे, वाङ्मय नाही. गोडसे भटजी कुणाकडे किती दक्षिणा मिळाली याचा हिशेब लिहितात तेव्हा ते वाङ्मय होते, आणि कोयत्याची उचल किती हे लिहिले की समाजशास्त्र होते. हा निकष कुठून आला ते त्यांनी सांगितले नाही.

अभ्यासमंडळांवर आता आपलीही माणसे आहेत. त्यांच्यापुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चे मराठी भाषांतर आणि 'माझा रशियाचा प्रवास' लावावे. 'माझा प्रवास' आणि 'अपूर्वाई' काढून नव्हे, त्यांच्या शेजारी. 'उपरा' आणि 'आयदान' यांतले वाटेचे भाग आत्मकथनाच्या पत्रिकेतून काढून इथेही वाचावेत. आणि प्रश्नपत्रिकेत निसर्गवर्णनाचे विशेष लिहा या प्रश्नाबरोबर लेखकाला वाटेत पाणी कुठे मिळाले असा एक प्रश्न घालावा. येत्या सत्रात मी वर्गाला मसूर ते गोरेगावची गाडीवाट कागदावर काढायला सांगणार आहे. स्टेशन कुठे, मुलांच्या हाती कासरा कुठे आला, गाडीवान कुठून पायी चालला, जकात नाका कुठे, आणि नाक्यावरच्या माणसाने बोट दाखवलेले टेकडीवरचे पाणी कुठे.